असोल्या नारळांची जोडी

मे महिना सरत आला की या तळ्याचं पाणी खाली जातं आणि मधला खडक उघडा पडतो. मुली त्याला म्हैस म्हणायच्या. काळपट, ओलसर, पाठ तेवढी वर काढून पाण्यात बसलेली म्हैस. आज ती पुन्हा वर आली आहे आणि मी जांभ्याच्या पायऱ्यांवर तिच्याकडे तोंड करून बसलो आहे. दगड इतका तापलाय की खाली रुमाल घालूनही बसवत नाही, तरी मी उठत नाही. तीन वाजून गेलेत. साडेतीनला मंदा येईल. चारला नसीम.

त्या दोघींच्या येण्यामधल्या अर्ध्या तासात मला मंदाला एक गोष्ट सांगायची आहे. सत्तावीस वर्षं मी ती कुणालाच सांगितलेली नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला होता.

"सर, मी नसीम. भाट्याची. शिबिरातली. ओळखलंत काय?"

'सर' हा शब्द तिनं उच्चारला तेव्हाच मी ओळखलं होतं. त्यातला र ती अजून तसाच लांबवते. ती कुवेतला असते, सुट्टीला आली आहे, मुलीला याच तळ्यावरच्या शिबिरात घातलं आहे, शेवटच्या दिवशी संध्याकाळी न्यायला येणार आहे. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग थांबली.

"तुम्ही या ना सर. नि मंदाला घेऊन या. ती तुमच्याच शाळेत होती ना? मला तिला भेटायचंय. लहान होतो सर आम्ही. तिनं गाठ नीट बांधली नाय, झालं. इतकी वर्षं मी ते मनात धरून बसले. आता माझीच पोर त्या पाण्यात उतरत्येय, तर वाटलं, पुरे. मंदाला सांगायचंय, मी माफ केलं म्हणून."

मी "बरं" म्हणालो. तेवढंच. 

ती गाठ मंदानं बांधलीच नव्हती. ती मी बांधली होती.

*

तळ्याचा वास मला आधी आठवतो, तळं मागाहून. ओल्या सोडणाचा, नारळाच्या वरच्या सालीचा वास. कुजकट, गोडसर, थोडा खाडीच्या चिखलासारखा. तीसेक मुली, म्हणजे साठ नारळ, आणि ते साठही नारळ रात्रंदिवस भिजून, वाळून, परत भिजून त्या वासानं पत्र्याची सगळी शेड भरून टाकायचे. मुलींच्या केसांना तो वास, अंथरुणांना तोच, भाताच्या वाफेतसुद्धा तोच. त्यात मधूनच वरच्या अंगाला कुणीतरी काजूबिया भाजायचं, तो घशाला झोंबणारा धूर. आणि पायवाटेवर पडलेले, पायाखाली फुटणारे काजूचे पिवळे-तांबडे बोंडू.

दोन शाळांच्या मुली एकत्र आणायच्या, एक शाळा खाडीकाठची आणि एक आमची, डोंगराकडची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते आता आठवत नाही. मी चोवीस वर्षांचा होतो. खेळाचा शिक्षक, अजून कायम न झालेला. मुलींना पोहायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्याकडे विहिरीत पोरं जशी शिकतात तसंच मी शिकवायचो. दोन असोले नारळ घ्यायचे, म्हणजे न सोललेले, सोडणासकट, झाडावरच सुकलेले. सोडण भिजवून प्रत्येकाची एक पट्टी सोलायची, पण पुरती तोडायची नाही, एका टोकाला नारळालाच राहू द्यायची. मग दोन्ही पट्ट्यांची एकमेकींना गाठ. ती छातीखाली घेतली की दोन काखांत दोन नारळ येतात आणि माणूस बुडत नाही. नारळ मात्र खुळखुळणारा हवा. आतला गोटा सुटून खडखडला पाहिजे. सोडण कोरडं, करकरीत हवं. जमिनीवर ओलीत पडलेला नारळ वरून तसाच दिसतो, पण त्याची पट्टी आतून कुजलेली असते.

शिबिराचा एकच नियम होता. आपले नारळ आपण बांधायचे नाहीत. जोडीदारणीनं बांधायचे. रोज पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक मुलगी दुसरीचे नारळ कानाशी नेऊन हलवायची, पट्टी ओढून बघायची, गाठ मारायची आणि म्हणायची, "बांधलं." मग दुसरीनं नारळ काखेत घेऊन म्हणायचं, "धरलं." हा नियम मी काढला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. सकाळच्या थंड हवेत काठावर ते आवाज उठायचे. बांधलं, धरलं, बांधलं, धरलं. झाडीत भारद्वाज घुमायचा, तो बिचकून गप्प व्हायचा.

मंदा आणि नसीमची जोडी मी लावलेली नव्हती. त्यांनीच लावली, तीही भांडून.

नसीमचे वडील तांडेल होते. स्वतःची होडी, पाच-सहा खलाशी. तांडेलाची मुलगी म्हणजे मासोळीच असणार असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या दिवशी ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि पुढं येईना. मंदा म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या वाडीतली, शेतातल्या विहिरीत भावांबरोबर उड्या मारून शिकलेली. समुद्र तिनं जन्मात दोनदा पाहिला होता. ती पाण्यातून डोकं वर काढून म्हणाली,

"काय गो, तांडेलाची पोर नि पाण्याला भितेस?"

"आमच्यात बायका दर्यात उतरत नाय. दर्या पुरुषांचा."

"मग हे तळं हाय, दर्या नाय. ये."

"तू गप. डोंगरातली बेडकी."

मंदा हसली आणि बेडकासारखा आवाज काढून बुडी मारली. ती वर येईपर्यंत नसीम गुडघाभर पाण्यात आली होती. दुसरी कुणीतरी घाबरेल इतका वेळ ती खाली राहायची, मुद्दाम. त्या दिवसापासून नसीमचे नारळ मंदाच बांधू लागली.

त्या दोन आठवड्यांत या दोघींनी एकमेकींना काय काय दिलं, ते मी कडेनं बघत होतो आणि आज एकेक करून आठवतं. नसीमच्या ट्रंकेत एका पत्र्याच्या डब्यात भाजलेले सोडे, सुकी कोलंबी होती. शिबिराच्या जेवणात मासळी नव्हती. दोघी पंपघराच्या मागं बसून ते शेंगदाण्यासारखे खायच्या आणि तोंडाचा वास जावा म्हणून आंब्याची कोवळी पानं चावायच्या. मंदानं तिला कातळावरच्या करवंदांत कोंबडा कुठला आणि कोंबडी कुठली ते शिकवलं, आतून लाल निघाली की कोंबडा. नसीमनं तिला वाऱ्यांची नावं शिकवली. उपरचा वारा, दखनेचा वारा. मंदा झोपण्यापूर्वी ती पाढ्यासारखी घोकायची. पाऊस लागायच्या आत मंदानं भाट्याला यायचं, नसीमच्या घरी राहायचं, मासेमारीच्या शेवटच्या दिवशी होडी ओढून वर घेतात ती बघायची, असं त्यांचं ठरलं होतं.

"तुझी अम्मी मला जेवायला काय देईल?"

"काय देईल म्हणजे? सांदण. खापरोळी. तू खाशील तेवढं."

"नि मी ओकले तर?"

"तर परत देईल."

*

शेवटच्या दिवशी मुलींनी म्हशीला हात लावून परत यायचं होतं. पहाटे निघायचं, म्हणून नारळ आदल्या संध्याकाळीच बांधून शेडच्या खुंट्यांना लावून ठेवले. प्रत्येक जोडीला ओळखीची चिंधी. नसीमची हिरवी. ती जोडी मंदानं सगळा ढीग उपसून निवडली होती. मला आठवतं, ती एकेक नारळ कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि मान हलवून बाजूला ठेवायची. वाण्याच्या दुकानात म्हातारी बाई बसावी तशी.

स्वयंपाक करणाऱ्या भिकाकाकू तिन्हीसांजेला माझ्याकडे आल्या.

"सर, वाटणाला खोबरं नाय हो. उद्या पाव्हणे यायचे नि मी काय पाण्यात मसाला टाकू?"

"नारळ संपले?"

"कधीच. तुमच्या ह्या पोरींच्या काखेत सगळे सुके नारळ, नि माझ्या पाट्यावर कायच नाय."

त्या थट्टेनं म्हणाल्या. मी मात्र उठलो. तीन-चार जोड्या हलवून पाहिल्या. सगळ्यांत छान खुळखुळत होती हिरव्या चिंधीची. मी ती काढली. गाठ सोडली, चिंधी बाजूला ठेवली, दोन्ही नारळ सोलून काकूंना दिले. आत बदामी, तेलकट, तळहातावर ठेवले तर वास राहील असे गोटे. काकू म्हणाल्या, "असं खोबरं बाजारात नाय मिळत, सर." मला बरं वाटलं. लोकांनी मला कामाचा माणूस म्हणावं असं मला तेव्हा फार वाटायचं.

मग मी मागच्या मोरीकडे गेलो. तिथं उरल्यासुरल्या नारळांचा ढीग होता, सांडपाण्याच्या ओलीत. वरचे दोन उचलले. हलवले नाहीत. पट्ट्या सोलल्या, गाठ मारली, हिरवी चिंधी बांधली आणि खुंटीला लावले. उजाडल्यावर नीट बघू, असं मनात म्हटलं. तसं म्हटलं होतं हे मला नक्की आठवतं, कारण त्यानंतर कित्येक वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो.

उजाडलं तेव्हा उशीर झाला होता. शिबिराच्या मोठ्या बाई काठावर घड्याळ बघत उभ्या. मंदानं नारळ खुंटीवरून काढून नसीमच्या पुढं धरले आणि कानाशी नेणार, तेवढ्यात मी शिट्टी फुंकली.

"काल बघितलेत ना? चला, लायनीत. पुरे ते."

मंदानं नारळ खाली केले. "बांधलं," ती म्हणाली.

"धरलं," नसीम म्हणाली.

म्हैस दहा-पंधरा हातांवर असताना पट्टी तुटली. मी पुढं होतो. मागून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, पाण्यात काहीतरी टाकल्यासारखा. वळून पाहिलं तर एक नारळ एकटाच तिरका तरंगत चालला होता आणि नसीमच्या जागी नुसती वर्तुळं. मी पोचण्याआधी मंदा पोचली. तिनं वेणी धरून तिला वर ओढलं, स्वतःचे नारळ तिच्या छातीखाली ढकलले आणि आपण मोकळ्या अंगानं तिला म्हशीपर्यंत रेटत नेलं. बारा वर्षांची मुलगी. मी तिथं गेलो तेव्हा नसीम खडकाला मिठी मारून पाणी ओकत होती आणि मंदा तिच्या पाठीवर हात आपटत होती, "ओक गो, ओक, सगळं ओक."

कुणी बुडालं नाही. मला पुढं कित्येकदा वाटलं, कुणी बुडालं नाही म्हणूनच मी सुटलो.

काठावर आल्यावर मंदा माझ्याकडे आली. ओठ निळे, दात वाजत होते. हातात तुटका नारळ, त्याला लोंबणारी पट्टी आणि गाठ.

"सर, ही माझी गाठ नाय. मी टोक दोनदा आत घालते. बघा ना. ही माझी नाय."

"बघतो," मी म्हणालो आणि तो तिच्या हातातून घेतला. आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. मी वाकून नारळ चुलीत सारला, हिरव्या चिंधीसकट. ओलं सोडण लवकर जळत नाही. ते धुमसत राहतं. पांढरा, जाड, जमिनीलगत सरपटणारा धूर शेडभर पसरला आणि मुली खोकू लागल्या. मंदा चुलीकडे बघत उभी होती. 

"नसीमचे नारळ कुणी बांधले होते?" मोठ्या बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं. तीस मुलींच्या माना एका दिशेला वळल्या.

"मी," मंदा म्हणाली. "पण बाई, ती..."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातल्या शिट्टीची दोरी सारखी करत होतो.

"हलगर्जीपणा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा जीव आपल्या हातात असतो."

दुपारी जेवणं झाली. पाव्हणे आले होते. रस्सा फार चांगला झाला होता, सगळे तेच म्हणत होते. मी दोनदा घेतला. ते मला लपवता येण्यासारखं आहे, पण लपवायचं नाही. नसीमच्याच नारळाचं वाटण, आणि मी दोनदा घेतलं.

संध्याकाळी टेंपो आले. मंदानं रुमालात फणसपोळी बांधून आणली होती, ती तिनं नसीमच्या टेंपोशी जाऊन वर धरली. नसीमनं हात पुढं केला नाही.

"तू काल हसत होतीस," ती म्हणाली. "बेडकीसारखा आवाज काढून मला हसत होतीस. तू मुद्दाम बांधलं नाय नीट."

टेंपो गेला. फणसपोळी तशीच हातात. त्या वर्षी भाट्याला कुणी गेलं नाही.

मंदा त्यानंतर चार वर्षं माझ्याच शाळेत होती. रोज प्रार्थनेला समोर. स्नेहसंमेलनाला मुली एकमेकींच्या रिबिनी बांधत, तेव्हा ती भिंतीशी उभी राहायची. कुणी रिबीन पुढं केली तर म्हणायची, "मला नाय येत." मी पुढच्या वर्षी कायम झालो.

*

स्कूटीचा आवाज आला. मंदा गावात अंगणवाडी चालवते, थेट तिथूनच आली असावी, खांद्याला कापडी पिशवी. केसांत थोडं पांढरं. ती माझ्या दोन पायऱ्या खाली बसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायली.

"लवकर आलात सर."

"हो."

"म्हशीला पाणी कमी पडलंय." ती खडकाकडे बघत होती. "नसीम कशाला बोलवत्येय मला? तुम्ही फोनवर नीट सांगितलंत नाय."

 समोर तळ्यात आजच्या शिबिरातल्या मुली नारिंगी जाकिटं घालून एकमेकींवर पाणी उडवत होत्या. त्यांची बक्कलं चट्कन लागतात. कुणी कुणाचं बांधावं लागत नाही.

"ती तुला माफ करायला येत्येय," मी म्हणालो. "गाठीबद्दल. मंदा, ती गाठ तू बांधली नव्हतीस. आदल्या संध्याकाळी तुझे नारळ मी स्वयंपाकाला दिले आणि मोरीवरचे कुजके दोन उचलून..."

"डावरी होती," मंदा म्हणाली.

मला कळलं नाही.

"गाठ. डावरी होती. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझी नाय. नववीत तुम्ही व्हॉलीबॉलची जाळी बांधत होतात. मी खांब धरून उभी होते. तुम्ही डाव्या हातानं टोक फिरवलंत नि गाठ उलटी बसली. तेव्हा कळलं."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. जाळी मी शंभरदा बांधली असेल. एकदा खांबाला एक मुलगी होती.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"मोठ्यांनी आधी बोलायचं असतं ना." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच मला जास्त लागलं. "आधी वाटलं, सर विसरले असतील. मग वाटलं, घाबरले असतील. मग लग्न झालं, पोरं झाली, मी विचार करायचं सोडलं. तुम्ही रस्त्यात भेटलात की विचारायचात, काय मंदा, बरी आहेस ना. मी म्हणायची, बरी."

"मंदा, मी..."

"मला सांगून काय उपयोग सर? मला माहीतच होतं." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तिला सांगा. माझ्यासमोर."

वरच्या रस्त्यावर रिक्षा थांबली. नसीम उतरली. आधी पिशव्या, मग ती. अंगानं भरलेली, डोळ्यांना काळा चष्मा, हातात खजुराचे दोन खोके. वाऱ्याबरोबर अत्तराचा वास खाली आला आणि त्यामागून ती, पायऱ्यांवर एकेक पाय जपून टाकत. मंदा उठून उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही पुढं काय करायचं ते कळेना.

"बारीक झालीस गो," नसीम म्हणाली.

"तू माझ्या वाटचं पण खाल्लंस."

नसीम हसली. चष्मा काढला. खोके पायरीवर ठेवले आणि पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"सर, मी आधी बोलते. नायतर रडायला येईल नि राहून जाईल. मंदा, हे बघ, मी कुवेतहून ठरवूनच आलेय..."

मला वाटलं होतं शब्द तयार आहेत. आठवडाभर मी ते घोकले होते. पण ती बोलायला लागली तेव्हा माझ्या अंगातलं जुनं काहीतरी सुखावलं. बोलू दे, ते म्हणालं. दोन वाक्यं. ती माफ करेल, मंदा मान हलवेल, खजूर वाटले जातील, पाच वाजतील. मंदा माझ्याकडे बघत होती. अगदी तसंच. ओळीत उभी राहून बघितलं होतं तसंच. या खेपेला माझ्या गळ्यात शिट्टी नव्हती.

"नसीम, थांब," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. खोबरं, मोरीवरचा ढीग, हिरवी चिंधी, शिट्टी. चुलीतला नारळ. रस्सा दोनदा घेतला तेही. सांगताना मला कळत होतं की हे फार थोडं आहे. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नसीमच्या बोटाभोवती ओढणी इतकी घट्ट झाली होती की बोट पांढरं पडलं. ती मंदाकडे वळली.

"तू म्हणाली होतीस. माझी गाठ नाय म्हणून. मी ऐकलं होतं गो. खडकावरून आणलं तेव्हा, चुलीपाशी. मी ऐकलं होतं."

"होय."

"मला वाटलं, बाई मारतील म्हणून खोटं बोलत्येस."

"होय."

"नि तू मला वर काढलंस ते मी घरी सांगितलंच नाय. बाबा विचारायचे, कुणी काढलं. मी सांगायची, सरांनी."

 मंदानं हात पुढं केला आणि नसीमच्या बोटाची ओढणी हळूहळू उलगडली, एकेक वेढा.

मग नसीम माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"सर, तुम्हाला काय म्हणायचं ते मला आत्ता सुचत नाय."

"नको म्हणू काही."

"नाय, म्हणेन. सुचलं की म्हणेन. फोन करेन."

मी मान हलवली. तो फोन येईपर्यंत मी आता रोज वाट बघणार आहे.

शेडकडून शिट्टी झाली. मुली पाण्याबाहेर येऊ लागल्या. पालकांना पाचला बोलवलं होतं, अजून अर्धा तास होता. दोघी पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

"पाय घालायचे काय?" मंदानं विचारलं.

"मला अजून पोहता येत नाय हां. आधीच सांगते."

"मला तरी कुठं येतंय आता. त्या दिवसानंतर उतरलेच नाय मी."

"खोटं. तू ना? बेडकी?"

"खोटं नाय."

नसीम तिच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिनं सलवार पोटरीपर्यंत वर दुमडली. मंदानं निऱ्या खोचल्या. जाता जाता ती मागं वळली.

"सर, चपला बघा जरा. हितं कुत्री उचलून नेतात."

दोन जोड चपला पायरीवर. एक सोनेरी पट्ट्यांची, परदेशी. एक निळी रबरी, टाच झिजलेली, तळव्याला तांबडी माती. खाली त्या दोघी घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, मग गुडघ्याएवढ्या, हातभर अंतर ठेवून. काहीतरी बोलत होत्या. वारा उलटा होता, मला ऐकू आलं नाही.

एक तांबूस कुत्रं खरंच आलं. बांधावरून उतरून हुंगत हुंगत पायऱ्यांपर्यंत. मी उठलो आणि चपलांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. ते थांबलं. मीही हललो नाही.